स्वप्नात चोरी होत नाही, क्रौर्य होतं

झोपेतच ‘हे स्वप्न आहे’ असं लक्षात येतं आणि पुढे काय करायचं ते ठरवता येतं, अशा सजग स्वप्नांबद्दल, म्हणजे ल्यूसिड ड्रीमिंगबद्दल, आता मराठीतही बरंच बोललं जातं. ती कशी पाडावीत याच्या युक्त्या लोक एकमेकांना सांगतात, आणि त्या गप्पा हमखास एका वादावर येऊन ठेपतात: तिथे जाणूनबुजून केलेल्या गोष्टींचा दोष लागतो का? एक बाजू म्हणते, स्वप्नच ते, कुणाचं काय बिघडलं? दुसरी बाजू ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ म्हणते आणि स्वप्नावरून माणसाची किंमत करून मोकळी होते. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी चुकतात. स्वप्नात काय दिसलं यावरच दोघी भांडतात. माणसाने काय निवडलं आणि ते निवडताना त्याला काय काय माहीत होतं, हे कुणी विचारतच नाही.

माझी भूमिका अशी. साध्या स्वप्नाची जबाबदारी कुणावरही नाही. सजग स्वप्नातल्या निवडीची आहे, पण सरसकट नाही. ते कृत्य कशाचं बनलेलं आहे ते आधी पाहावं लागतं. चोरीला दुसऱ्याची वस्तू लागते, फसवणुकीला फसणारा माणूस लागतो, दानाला स्वतःच्या खिशाला बसणारी चाट लागते. स्वप्नात यातलं काहीच नसतं, म्हणून तिथे चोरी होत नाही आणि दानही होत नाही. क्रौर्याला मात्र क्रूर होणारं मन पुरतं. भीतीला सामोरं जायला भ्यालेलं मन पुरतं. हा कच्चा माल स्वप्नातही अस्सल असतो, आणि म्हणून तिथलं क्रौर्य क्रौर्यच असतं नि धैर्य धैर्यच.

पण झोपलेल्या माणसाला खरोखर काही ठरवता येतं का? हा आक्षेप आधी निकालात काढायला हवा, कारण पुष्कळ जण इथेच थांबतात. १२ एप्रिल १९७५ रोजी इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकाने अ‍ॅलन वर्स्ली या सजग स्वप्नं पडणाऱ्या माणसाच्या झोपेची नोंद घेतली. स्वप्नं ज्या टप्प्यात सर्वांत ठळक पडतात त्या रेम झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू लुळे असतात. डोळे हलवणारे स्नायू त्याला अपवाद. म्हणून दोघांनी आधीच ठरवून ठेवलं होतं की स्वप्नात भान आलं की डोळे डावीकडून उजवीकडे ठरावीक वेळा फिरवायचे. वर्स्ली गाढ रेम झोपेत असताना ती खूण कागदावर उमटली. पुढे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज या संशोधकाने स्वतंत्रपणे हेच दाखवलं आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांनी मिळून झोपलेल्या माणसांना प्रश्न विचारले. ‘८ वजा ६ किती?’ या प्रश्नाला एकाने झोपेतूनच डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. बहुतेक वेळा उत्तर आलं नाही हे खरं, पण जिथे आलं तिथे ते चुकण्यापेक्षा बरोबर असण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं.

या प्रयोगांकडे लोक मेंदूचं नवल म्हणून पाहतात. मला त्यात एक नैतिक गोष्ट दिसते. त्या माणसाने जागेपणी शब्द दिला होता. स्वप्नात त्याला तो आठवला, आजूबाजूचं रंगलेलं दृश्य बाजूला ठेवून त्याने तो पाळला, आणि पाळला याची नोंद यंत्रावर राहिली. ज्याला झोपेत शब्द पाळता येतो त्याला झोपेत शब्द मोडताही येतो. मग याच माणसाच्या त्याच पाच मिनिटांतल्या बाकीच्या निवडी त्याच्या नाहीत असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आता समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. स्वप्नात कुणाला इजा होत नाही, आणि जिथे इजा नाही तिथे इतरांनी नाक खुपसण्याचं कारण नाही. हा मुद्दा मला संपूर्ण मान्य आहे. कायद्याने, समाजाने, नवऱ्याने किंवा बायकोने कुणाच्याही स्वप्नाची झडती घेऊ नये. ती घेतली की काय होतं याचा दाखला प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने देऊन ठेवला आहे. सिराक्यूज या ग्रीक नगरराज्याचा जुलमी राजा डायोनिसियस याचा मार्स्यास नावाचा एक सरदार होता. आपण राजाचा गळा कापतो आहोत असं स्वप्न त्याला पडलं, आणि राजाने त्याला ठार मारलं. युक्तिवाद असा की दिवसा मनात आल्याखेरीज ते रात्री दिसलंच नसतं. म्हणजे आपलीच म्हण, फक्त हातात तलवार घेऊन. १७४८ मध्ये फ्रेंच विचारवंत मोंतेस्क्यूने कायद्यावरच्या आपल्या ग्रंथात या प्रकाराला सरळ जुलूम म्हटलं. दिवसा मनात आलं होतं असं धरलं तरी विचाराला कृतीची जोड मिळेपर्यंत शिक्षेचा प्रश्न येत नाही, हे त्याचं उत्तर आजही पुरेसं आहे. पण इतरांना शिक्षेचा अधिकार नाही एवढ्यावरून त्या माणसाने स्वतःला काही विचारूच नये, असं निघतं का? मत्सराची शिक्षा कोणत्याही कायद्यात नाही. म्हणून मत्सर चांगला ठरत नाही.

जुन्या परंपरांनी स्वप्नाला सूट दिली आहे असंही सांगितलं जातं. दिली आहे, पण ती कोणत्या अटीवर दिली आहे ते वाचायला हवं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात १८० आणि १८१ हे श्लोक शेजारी शेजारी आहेत. पहिल्यात ब्रह्मचाऱ्याने ‘कामात्’, म्हणजे इच्छेने, रेत सांडलं तर व्रताचा नाश होतो असं म्हटलं आहे. दुसऱ्यात स्वप्नात ‘अकामतः’ तसं झालं तर स्नान, सूर्याची पूजा आणि एका ऋचेचा तीनदा जप एवढ्यावर भागतं. मनुस्मृतीतलं बरंच काही मला अमान्य आहे, पण इथली विभागणी नेमकी आहे. सूट अनिच्छेला आहे. ती इच्छा नव्हती म्हणून मिळाली, झोप होती म्हणून नव्हे. बौद्ध विनय, म्हणजे भिक्षूंच्या आचरणाचे नियम, याहून खोलात जातो. भिक्षूंच्या गंभीर दोषांबद्दलच्या ‘संघादिसेस’ नियमांतला पहिलाच नियम जाणूनबुजून केलेल्या वीर्यपाताबद्दल आहे आणि त्यात ‘अञ्ञत्र सुपिनन्ता’, स्वप्न सोडून, असा अपवाद घातला आहे. तो अपवाद कसा आला याची हकीकतही विनयात आहे. काही भिक्षूंना स्वप्नात तसं झालं आणि आपल्याला दोष लागला का, ही शंका त्यांना छळू लागली, कारण स्वप्नातही चेतना, म्हणजे हेतू, असतोच. बुद्धाचं उत्तर असं की चेतना आहे, पण ती ‘अब्बोहारिक’ आहे, हिशेबात धरण्याइतकी नाही. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसही याच अंगाने गेला: झोपेत विवेक मोकळा नसतो, म्हणून ते कृत्य पाप नाही, पण त्याचं कारण जागेपणी दोषाने घडवलेलं असेल तर तो दोष जागेपणीचा. तीन वेगळ्या परंपरांनी दिलेली ही सूट एकाच खांबावर उभी आहे. स्वप्नातल्या माणसाची इच्छा लुळी असते, हा तो खांब. सजग स्वप्नात तोच निघतो. मग सूट तेवढी आपोआप टिकेल, असं कसं धरायचं?

उपनिषदांचा आधार घेणाऱ्यांचा आक्षेप जास्त अवघड आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतो की स्वप्नात हा पुरुष रमून, फिरून, पुण्य आणि पाप केवळ ‘पाहून’ परत येतो, आणि तिथे जे पाहिलं ते त्याला चिकटत नाही, कारण तो असंग, म्हणजे कशातही न गुंतणारा, आहे. यावरून स्वप्नातलं पाप लागत नाही असा निष्कर्ष लोक काढतात. पण ते चौथ्या अध्यायातल्या तिसऱ्या ब्राह्मणाच्या, म्हणजे प्रकरणाच्या, सोळाव्या मंत्रावर थांबतात. सतरावा मंत्र हेच शब्द जागेपणाबद्दल वापरतो: जागृतीतही हा पुरुष पुण्य-पाप केवळ पाहून पुन्हा स्वप्नाकडे जातो. साक्षी आत्म्याचा असंगपणा दोन्ही अवस्थांना सारखाच लागू आहे. त्या आधारे स्वप्नातला खून माफ करायचा तर जागेपणीचाही करावा लागेल, आणि ते याज्ञवल्क्याच्या मनातही नाही. प्रश्न साक्षीचा नसून कर्त्याचा आहे, आणि सजग स्वप्नात कर्ता हजर असतो.

किती हजर असतो, हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि या वादात सर्वांत कमी बोललं जातं ते यावरच. रेम झोपेत मेंदूच्या पुढच्या भागातले, नियोजनाचे आणि स्वतःच्या विचारांवर लक्ष ठेवण्याचे भाग मंद असतात. सजग स्वप्नात ते काही अंशी जागे होतात, पूर्ण नव्हे. डिअर्ड्रा बॅरेट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ मध्ये अशा स्वप्नांची वर्णनं चार कसोट्यांवर तपासली. इथली माणसं खरी नाहीत हे कळलं होतं का? इथल्या वस्तू खऱ्या नाहीत हे? इथे भौतिक नियम पाळायची गरज नाही हे? आणि जागेपणीच्या आयुष्याची आठवण शाबूत होती का? बहुतेक वर्णनांत चारही एकत्र नव्हते. ‘हे स्वप्न आहे’ असं मनाशी म्हणत माणूस स्वप्नातल्या बसचं तिकीट काढतो, उशीर होईल म्हणून घाबरतो, वारलेल्या नातेवाइकाशी ते हयात असल्यासारखं बोलतो. शिवाय स्वप्नावर ताबा आणि स्वप्नाचं भान या वेगळ्या गोष्टी आहेत. भान नसतानाही माणूस स्वप्नात हवं ते घडवून आणतो, आणि लख्ख भान असूनही दार उघडत नाही, दिव्याचं बटण चालत नाही.

म्हणून ‘सजग होतो की नव्हतो’ या हो-नाहीने काम भागत नाही. जबाबदारी भानाच्या मापाने यायला हवी, आणि मापायचं कसं तेही सांगता येतं. जाग आल्यावर, हालचाल करण्याआधी, चार गोष्टी आठवून लिहाव्यात: मी कुठे झोपलो आहे हे तेव्हा माहीत होतं का, समोरची व्यक्ती कोण आहे असं वाटत होतं, दुसरं काही करता येईल हे सुचलं होतं का, आणि जे केलं ते करायचं असं ठरलं कधी. चारही उत्तरं धूसर असतील तर विषय संपला. ते साधंच स्वप्न होतं, त्याचा विचार करत बसू नये. चारही स्पष्ट असतील तर ती निवड तुमची आहे.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण सजग स्वप्नं बहुधा आपोआप पडत नाहीत, ती पाडली जातात. रुळलेली रीत अशी: अकराला झोपावं, साधारण पाच तासांनी, चारच्या सुमारास, गजराने उठावं. रेमचे टप्पे रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात लांबतात, म्हणून ही वेळ. अर्धा ते एक तास मंद उजेडात जागं राहावं, नुकतंच पडलेलं स्वप्न तपशिलाने आठवावं, त्यात आपल्याला भान आलं आहे असं डोळ्यांपुढे आणावं, ‘पुढचं स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ असा संकल्प घोळवत पुन्हा पडावं. भान आल्यावर काय करायचं तेही इथेच ठरवून ठेवतात, कारण न ठरवता गेलं तर आनंदाच्या भरात जाग येते. ती टाळायला स्वप्नातले हात एकमेकांवर चोळावेत, नजर एका जागी खिळू देऊ नये. आता या साखळीत निवड कुठे झाली? पहाटे चार वाजता, खाटेवर बसून, पूर्ण जागेपणी. ओळखीच्या एखाद्या माणसाला छळायचं असा बेत करून कुणी गजर लावत असेल, तर त्याच्या कृत्याचा मोठा भाग स्वप्नात घडलेलाच नाही. ‘स्वप्नच ते’ ही सबब त्या अर्ध्या तासाला कशी लागू होईल?

इथे कल्पनेच्या स्वातंत्र्याचा मुद्दा येतो. कादंबरीकार खून लिहितो, नट खलनायक होतो, पोरं व्हिडिओ गेममध्ये गोळ्या झाडतात. त्यांना दोष नाही, मग स्वप्नातल्याला का? या मुद्द्यात तथ्य आहे. कल्पनेत वाईट आणणं आणि वाईटाची चव घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्वप्नात पहिलं खुशाल असावं. पाठलाग करणाऱ्या राक्षसाला सजग स्वप्नात माणसाने लाथाडलं तर मी त्याला शाबासकी देईन. वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांवर उपाय म्हणून सजग स्वप्नांचा वापर तपासला गेला आहे आणि त्यातून काहींना आराम पडला आहे. पॉल थोली हे जर्मन मानसशास्त्रज्ञ तर पुढे जाऊन सांगत की पळू नका, वळा, त्याच्या डोळ्यांत पाहा आणि ‘तू कोण आहेस?’ असं विचारा. पण गेम आणि सजग स्वप्न यांत एक फरक उरतोच. पडद्यावर हाताखाली बटण असतं आणि समोर चित्र असतं. स्वप्नात हात स्वतःचा असतो, समोरचा चेहरा ओळखीचा असतो, किंकाळी ऐकू येते, आणि शरीरही त्यात सामील होतं. सजग स्वप्नात उठाबशा काढणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके वाढल्याचं डॅनियल एर्लाखर आणि मिखाएल श्रेडल या संशोधकांनी २००८ मध्ये नोंदवलं. २०१० मध्ये त्यांनीच दाखवलं की नाणं पेल्यात टाकण्याचा सराव सजग स्वप्नात जमलेल्यांचा नेम सकाळी सुधारला होता. अभ्यास लहान होता, आणि स्वप्नात हिंसा केल्याने माणूस जागेपणी हिंसक होतो असं त्यावरून अजिबात सिद्ध होत नाही. तसा दावा मी करत नाही. एवढंच म्हणतो की स्वप्नातला सराव हा सराव असतो. सजग स्वप्नांचे पुरस्कर्ते भाषण, पोहणं, वाद्य यांच्यासाठी हेच अभिमानाने सांगतात. मग निर्दयपणाच्या सरावाचं काही उरत नाही असं त्यांना म्हणता येणार नाही.

याच कसोटीवर जोडीदारांमधला नेहमीचा तंटाही सुटतो. सजग स्वप्नात परक्या व्यक्तीशी केलेला संग ही प्रतारणा आहे का? नाही. प्रतारणेला दुसरा माणूस लागतो आणि तो तिथे नव्हता. पण एकच ओळखीची व्यक्ती ठरवून, रात्रीमागून रात्र बोलावली जात असेल तर ती दिवसा जोपासलेल्या आसक्तीइतकीच खरी आसक्ती आहे. तिच्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. दिवसाच्या मनोराज्याला आपण जे लावतो तेच इथे लावावं.

सजग स्वप्नांत मुरलेल्यांना ठाऊक असलेला एक धोका या वादात क्वचितच येतो. ‘हे स्वप्न आहे’ हा निष्कर्ष चुकू शकतो. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहणं, लिहिलेला मजकूर वाचून नजर फिरवून पुन्हा वाचणं, बोटं मोजणं, या तपासण्या यांत्रिकपणे केल्या की स्वप्नातही ‘ठीक आहे’ असं उत्तर देतात. त्यात खोटी जाग असते: माणूस उठतो, दात घासतो, चहा टाकतो, आणि ते सगळं अजून स्वप्नच असतं. असं दोन-तीनदा लागोपाठ झालं की खरी जाग आल्यावरही शंका राहते. म्हणून जाणकार सांगतात की एका तपासणीवर विसंबू नये, दोन कराव्यात, आणि उडायचं असेल तर जमिनीवरून उडावं, गच्चीवरून कधीच नाही. वास्तवाचं भान मुळात डळमळीत असणाऱ्यांनी, सायकोसिसचा, म्हणजे खरं-भासातला फरक कळेनासा होण्याच्या मानसिक आजाराचा, त्रास असलेल्यांनी, या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. गच्चीचा नियम सगळ्यांना पटतो. मग तोच माणसांना का लावू नये? समोरचा खरा असण्याची एक अंधुक शक्यता असताना त्याच्यावर वार करणारा माणूस, तो खरा नव्हता असं नंतर कळलं, तरी एका माणसाच्या जिवाशी खेळायला तयार झालेला असतो.

दुसऱ्या बाजूला, ‘मनी वसे’ म्हणणाऱ्यांना, एवढंच सांगायचं आहे की त्यांच्या बोलण्याने नुकसान होतं. आईला स्वप्नात बाळ हातून पडलेलं दिसतं, कुणाला स्वप्नात भावावर हात उगारलेला दिसतो, आणि नको त्या विचारांनी आधीच गांजलेली माणसं दिवसेंदिवस स्वतःला खात राहतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टीनसारखा कठोर ख्रिस्ती धर्मगुरूही ‘कबुलीजबाब’ या आपल्या आत्मकथनात देवाला विचारतो की झोपेत मी मीच नसतो का, आणि जाग येताच, जे झालं ते मी केलं नाही, माझ्यात घडलं, या फरकाने त्याचं मन शांत होतं. केलं आणि घडलं यांतला तो फरक अशा प्रत्येकाला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवा.

वाईटाचं माप असं लावलं तर चांगल्याचंही लावावं लागेल, आणि आपल्याकडे त्याची कसोटी बघणारी कथा आहे. लोककथेतल्या हरिश्चंद्राने स्वप्नात विश्वामित्राला राज्य दिलं आणि जाग आल्यावर ते खरोखर सोडलं. मार्कंडेय पुराणात हे स्वप्न नाही, तिथे जागेपणीच शिकारीला गेला असताना प्रसंग ओढवतो. स्वप्न लोकांनी घातलं, कारण त्यांना सत्याची परमावधी दाखवायची होती. माझ्या कसोटीवर हरिश्चंद्राचं स्वप्नातलं दान हे दान नाही. तिथे राज्य नव्हतं, घेणारा नव्हता, गमावण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने नकार दिला असता तर मी त्याला खोटा म्हटलं नसतं. तुकोबांचं वेगळं आहे. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाचं काम सांगितलं असं ते एका अभंगात सांगतात. ते स्वप्न सजग होतं की नव्हतं याला इथे महत्त्व नाही. त्यांनी तिथे काही देऊन टाकलं नाही, काम पत्करलं. पत्करायला मन लागतं, आणि ते तिथे होतं. राज्य द्यायला राज्य लागतं, आणि ते राजवाड्याबाहेर, जागेपणातच असतं.